प्रोजेक्ट यशस्वी झाला हे ठरवायचं कुणी आणि कधी?

परळकरीण | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, ऑफिसातून गृहपाठ मिळालाय आणि तो मला एकटीला सुटत नाहीये. 'आपले प्रोजेक्ट कशामुळे यशस्वी होतात' यावर पुढच्या शुक्रवारपर्यंत दहा स्लाइड हव्यात. साहेबांना हवे असलेले मुद्दे मला तोंडपाठ आहेत: वरिष्ठांचा पाठिंबा, स्पष्ट रिक्वायरमेंट, युजरचा सहभाग, ट्रेनिंग. सतरा वर्षं या धंद्यात आहे, याच स्लाइड मी स्वतः तीनदा तरी केल्यात. रंग तेवढे बदलले.

या वेळी अडलंय ते असं. माझ्यासमोर दोन प्रोजेक्ट आहेत. दोन्ही मुंबईतली ट्रस्टची हॉस्पिटलं, दोन्ही मध्यम आकाराची. नावं सांगणार नाही, विचारूही नका. सॉफ्टवेअर एकच, टीम जवळजवळ तीच, मॅनेजर मीच. ओपीडीची नोंदणी, लॅब, बिलिंग आणि औषधांचा साठा एवढं काम.

पहिलं, त्याला 'अ' म्हणू, सात आठवडे उशिरा गो-लाइव्ह झालं, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आलं. पैसेही ठरल्यापेक्षा जास्त गेले. कंपनीच्या हिशेबात हा प्रोजेक्ट लाल. दुसरं 'ब', ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या पैशांत. स्टिअरिंग कमिटीत पेढे वाटले, माझा फोटो कंपनीच्या न्यूजलेटरात आला.

परवा, म्हणजे ब सुरू होऊन आठ महिने झाल्यावर, ऑडिटच्या निमित्ताने तिथे गेले होते. लॅबच्या काउंटरवर कॉम्प्युटर, आणि त्याला खेटून तीन लांबलचक वह्या. लाल पुठ्ठा, कापडी पाठ, वाण्याकडे उधारीला असते तशी. पेशंट आला की आधी वहीत नाव. मग दुपारी गर्दी ओसरली की एक मुलगा बसतो आणि वहीतलं सगळं सिस्टिममध्ये भरतो. म्हणजे आम्ही कुणाचं काम कमी केलं नाही, उलट एक नोकरी निर्माण केली! डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार, कारण एंट्र्या रोजच्या रोज होतात. फक्त सगळ्या दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान.

अ मध्ये वही दुसऱ्या महिन्यात बंद पडली. कुणी हुकूम काढला नव्हता.

आता सांगा, यशस्वी कुठला? आणि मी स्लाइडवर काय लिहू?

---

कोडगा | मंगळवार, रात्री ११:०५

ताई, सोप्पंय. ज्याचे पैसे वसूल झाले तो यशस्वी. झोपा आता.

---

खवचट_काका | मंगळवार, रात्री ११:१२

वाळकेश्वरपासून विरारपर्यंत कुठल्याही सरकारी खिडकीवर जा. कॉम्प्युटर असतो, त्याच्यावर रुमाल असतो, रुमालावर वही असते. तुमचा 'ब' अपवाद नाही, परंपरा आहे.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

पोथीनिष्ठ | बुधवार, सकाळी ७:५०

धागा आवडला. एमबीएच्या मुलांना हाच विषय शिकवतो, त्यामुळे थोडी पोथी सोडतो, सहन करा.

'यश म्हणजे काय' यावर अभ्यासकांचं एकमत नव्हतंच. प्रत्येक जण आपल्या सोयीचं माप घेऊन मोजत होता. डिलोन आणि मॅक्लीन या दोघांनी १९९२ मध्ये तोवरचा सगळा पसारा गोळा करून सहा खणांत मांडला: सिस्टिमचा दर्जा, माहितीचा दर्जा, वापर, वापरणाऱ्याचं समाधान, व्यक्तीवर झालेला परिणाम आणि संस्थेवर झालेला परिणाम. २००३ मध्ये त्यांनीच दुरुस्ती केली, सेवेचा दर्जा त्यात घातला आणि शेवटचे दोन खण 'निव्वळ फायदा' म्हणून एकत्र केले. वेळेत आणि बजेटात हे दोन्ही या यादीत नाहीत, हे लक्षात घ्या. ते बांधकामाचं यश. घर वेळेत बांधून झालं म्हणजे राहणारा सुखी, असं कुणी म्हणत नाही.

आता त्यातला 'वापर' हा खण मोठा फसवा. जिथे सक्ती आहे तिथे वापराचा आकडा काहीच सांगत नाही. परळकरीण यांचा ब त्याचंच उदाहरण: शंभर टक्के वापर, आणि सगळा दुपारी तीननंतर.

स्लाइडवर स्टँडिश ग्रूप या अमेरिकी संशोधन संस्थेच्या १९९४ च्या अहवालातले आकडे टाकायचा मोह होईल. तेव्हा फक्त १६.२ टक्के प्रोजेक्ट यशस्वी, ३१.१ टक्के मध्येच रद्द, हे सगळीकडे छापून येतं. पण त्यांनीही यश मोजलं ते वेळ, पैसा आणि ठरलेली फीचर्स यांवरच. म्हणजे ते मोजत होते अंदाज किती बरोबर आला ते. त्या मापाने तुमचा अ नापास आणि ब पास.

---

कोडगा | बुधवार, सकाळी ९:३०

लोकलमधून लिहितोय, शुद्धलेखन माफ.

सर, पोथी मान्य. पण कुणीतरी आमची बाजूही मांडा. 'युजरचा सहभाग' हा शब्द स्लाइडवर छान दिसतो. प्रत्यक्षात युजर सोमवारी म्हणतो बटण निळं हवं, बुधवारी म्हणतो बटणच नको, आणि शुक्रवारी त्याचे साहेब विचारतात की बटण कुठे गेलं. तुम्ही ज्याला सहभाग म्हणता त्याला आम्ही शनिवार-रविवार म्हणतो. अ मधले सात आठवडे कुणाच्या घरच्यांनी काढले, ते विचारा जरा.

लोकांना काय हवंय ते लोकांना माहीत नसतं, हे सत्य आहे.

---

परळकरीण | बुधवार, दुपारी १:१५

कोडगा, तुझं दुःख कळतं रे, मीही नऊ वर्षं कोडच लिहीत होते. पण ते सात आठवडे कुठे गेले ते सांगते, मग ठरव.

अ च्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर बाई खमक्या. यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांनी सिस्टिम तपासून पसंत केल्याच्या, कागदावर सही मागायला गेले तर म्हणाल्या, "माझ्या काउंटरवर दोन दिवस बस, मग सही करते." मी बसले ती आठ दिवस.

काउंटरवर एक बाई, पंचवीस वर्षांची नोकरी. सकाळी सात ते दहा श्वास घ्यायला फुरसत नसते. रिकाम्या पोटी आलेली माणसं, त्यात डायबेटिसवाले चिडलेले. बाई नाव लिहिते, चिठ्ठी फाडते, ट्यूब पुढे सरकवते. सगळं मान वर न करता. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की काही नावांखाली पेन्सिलीने बारीक 'गा' लिहिलेला असतो. मला वाटलं गरोदर बायकांची वगैरे खूण असेल. विचारलं तर म्हणाली, "गा म्हणजे गाडी." कसारा, पालघर, कर्जत असल्या लांबच्या गावाहून आलेला माणूस. त्याला आजच रिपोर्ट मिळाला नाही तर उद्या परत यावं लागणार, म्हणजे अख्खा दिवस बुडणार, मजुरी जाणार. त्याची ट्यूब ती मशीनवर पहिल्या फेरीत पाठवायची. कुठल्याही नियमात नाही, कुठल्याही साहेबाला माहीत नाही. पंचवीस वर्षं चालू होतं.

आमच्या सिस्टिममध्ये नमुने टोकन नंबरानेच जाणार होते. फार शिस्तशीर. पहिल्याच दिवशी पालघरची वीस माणसं दुपारी काउंटरवर ओरडली असती, आणि बाईने सिस्टिम बाजूला सारून वही काढली असती. बरोबरच केलं असतं तिने.

एका अक्षराची एक चौकट टाकली. टिक केली की नमुना रांगेत वर. कोडचं काम दोन दिवसांचं. पण चेंज रिक्वेस्ट (ठरलेल्या कामात बदलाची रीतसर मागणी), तिचं एस्टिमेट, पैसे कुणी द्यायचे यावर दोन्हीकडून ईमेलींचा भडिमार, त्यात बाकीचे दिवस गेले. अशा एकूण पाच-सहा गोष्टी निघाल्या. त्याचे झाले सात आठवडे.

बाईला 'रिक्वायरमेंट सांगा' असं विचारलं असतं तर तिने 'गा' सांगितला असता का? कधीच नाही. तिच्या दृष्टीने ते काम नव्हतंच, माणुसकी होती. तेव्हा लोकांना सांगता येत नाही हे तुझं खरं. माहीत मात्र असतं.

---

लेजरवाला | बुधवार, सायंकाळी ६:२०

वाहवा! 'गा' वाचून आमचे दिवस आठवले.

मी बँकेतून निवृत्त, पार्ल्यात राहतो. आमच्याकडे कॉम्प्युटर आला ऐंशीच्या दशकात. बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दल रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल आला, युनियनशी करार झाले आणि शाखेत आलं 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. नाव बघा! कॉम्प्युटर म्हटलं की नोकऱ्या जाणार म्हणून संप, मोर्चे. मशीन म्हटलं की चालतं. नामकरण हाही यशाचा घटक, स्लाइडवर लिहा.

आम्ही सगळे विरोधातच होतो. मग एक गोष्ट घडली. पूर्वी सहामाही बॅलन्सिंग म्हणजे यातना. शेकडो खात्यांची खतावणी, बेरजा जुळवायच्या, आणि एका रुपयाचा फरक आला की रात्री बारापर्यंत तो शोधायचा. चहा यायचा, मग वडापाव यायचे, मग शेवटची लोकल पकडायची. मशीन आल्यावर पहिल्या जूनला बॅलन्सिंग संध्याकाळी साडेसहाला जुळलं. आमचा एक सहकारी, मोर्चात सर्वांत पुढे घोषणा देणारा, खिडकीतून बाहेरचा उजेड बघून म्हणाला, "अरे, अजून दिवस आहे!" त्यानंतर त्या मशीनविरुद्ध त्याने चकार शब्द काढला नाही.

माझं मत एवढंच की जो बोटं चालवतो त्याला फायदा मिळाला पाहिजे. हेड ऑफिसला रिपोर्ट लवकर मिळतो यात शाखेतल्या क्लार्कला काय आनंद?

---

पोथीनिष्ठ | बुधवार, रात्री ८:०५

लेजरवाला काका, तुम्ही जे सांगितलंत तेच कॉम्प्युटरच्या वापराचे अभ्यासक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये मांडलं. माहिती भरण्याचे कष्ट एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा, अशी वाटणी झाली की सिस्टिम आपटते. तुमच्या सहकाऱ्याचं वाक्य मी उद्या वर्गात सांगणार.

---

रिंगणातला | बुधवार, रात्री १०:५०

इथे सगळे फारच मऊ बोलताहेत, मी जरा वेगळं सांगतो. मी दलाल स्ट्रीटवर शेअरबाजाराच्या रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या रिंगणात, उभा राहून ओरडलेला माणूस आहे. घसा अजून बसतो.

१९९४ च्या नोव्हेंबरात एनएसईने शेअरचे सौदे स्क्रीनवर सुरू केले. आम्ही हसलो. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्याशी सौदा? १८७५ पासूनचं आमचं एक्स्चेंज, आमचे हातवारे, आमचे जॉबर. मार्च १९९५ मध्ये आमच्याकडेही स्क्रीनवरच्या सौद्यांची सिस्टिम, बोल्ट, आली आणि रिंग संपली. आम्हाला कुणी विचारलं होतं? आमच्या मागे बसून आठ दिवस कुणी 'गा' शोधला होता? अजिबात नाही. उपग्रहाच्या तबकड्या लावून इंदूर-कोइम्बतूरचा दलाल मुंबईच्या बरोबरीने बसला आणि वर्षभरात धंदा तिकडे पळाला. वेळ अशी होती की शिका नाहीतर घरी जा.

तीच गोष्ट डिमॅटची, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवर शेअर ठेवण्याची. १९९६ मध्ये अशी खाती सांभाळणारं एनएसडीएल आलं, पण लोक कागद सोडेनात. कागदाचा छळ इतका की विचारू नका. सही जुळत नाही म्हणून बॅड डिलिव्हरी, पोस्टात गहाळ, खोटे शेअर. तरी सोडेनात! शेवटी सेबीने १९९८-९९ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती केली, की अमुक शेअरची डिलिव्हरी डिमॅटमध्येच. तेव्हा कपाटं रिकामी झाली.

याउलट लंडनवाले. शेअरचे कागद घालवायला त्यांनी टॉरस नावाचा प्रोजेक्ट काढला. त्यात रजिस्ट्रार, दलाल, बँका, प्रत्येकाचं ऐकत बसले, प्रत्येकासाठी काहीतरी घालत गेले. शेवटी १९९३ मध्ये गुंडाळला, कोट्यवधी पौंड बुडाले. मग बँक ऑफ इंग्लंडने क्रेस्ट नावाची बरीच आटोपशीर सिस्टिम केली, ती १९९६ मध्ये चालू झाली. सगळ्यांचं ऐकणं हेही अपयशाचं कारण असतं, परळकरीण बाई.

---

कोडगा | बुधवार, रात्री १०:५८

रिंगणातला +१००. टॉरस स्लाइडवर टाकाच.

---

टेंडरबाबू | गुरुवार, सकाळी ११:२०

सरकारी खात्यात टेंडरचं काम बघतो, म्हणून दोन पैसे माझेही.

सक्ती चालते, पण आधी तयारी असली तर. कर्नाटकातलं 'भूमी' घ्या. दोन कोटींच्या आसपास जमीन नोंदी कॉम्प्युटरवर आणल्या आणि तालुका तयार झाला की तिथला हाताने लिहिलेला उतारा बेकायदा ठरवला. राजीव चावला नावाचे अधिकारी वर्षानुवर्षं त्याच कामावर राहिले, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे साहेब स्थिरावतो न स्थिरावतो तोच बदली.

आता तयारीविना सक्ती. २०१७ चं मुंबई विद्यापीठ सगळ्यांना आठवत असेल. सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका एकदम स्क्रीनवर तपासायचं ठरलं. लाखो पेपर स्कॅन करायचे, प्राध्यापकांना सवय नाही आणि वर्ष तर चालूच. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल लांबत गेले, ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्याआधी इंजिनिअरिंगचे पेपर स्क्रीनवर तपासले जातच होते, म्हणजे कल्पना खुळी नव्हती. एका शाखेवरून सगळ्यांवर एका उडीत गेले.

लंडनचंच दुसरं उदाहरण. तिथल्या अँब्युलन्स सेवेने ऑक्टोबर १९९२ मध्ये गाड्या पाठवायची नवी सिस्टिम एका रात्रीत अख्ख्या शहराला लावली. गाडी कुठे आहे हे सिस्टिमला कळेना, एकाच कॉलवर दोन गाड्या, काही कॉल हरवलेच. चौकशीत निघालं की सर्वांत स्वस्त टेंडरवाल्याला काम दिलं होतं आणि गाडीवरच्या लोकांचा त्यावर विश्वासच नव्हता. आमच्याकडे सर्वांत स्वस्त टेंडरवाल्याला एल-वन म्हणतात. एल-वन सोडून दुसऱ्याला काम दिलं तर माझीच चौकशी, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं.

---

नाइट_ड्यूटी | गुरुवार, रात्री ११:४५

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सिस्टर आहे, एका मोठ्या हॉस्पिटलात, बावीस वर्षं.

सगळेजण वहीला शिव्या घालताहेत म्हणून राहवलं नाही. रात्री तीन वाजता सर्व्हर बसतो तेव्हा तुमच्यापैकी कोण फोन उचलतं? पेशंटला किती वाजता कुठलं इंजेक्शन दिलं हे मला सकाळी सांगावं लागतं, आणि पोलीस केस असेल तर कोर्टात सांगावं लागतं. वहीत माझी सही असते, वेळ असते, माझं अक्षर असतं. सिस्टिममध्ये लॉगिन असतं, आणि आमच्या वॉर्डात एकाच लॉगिनवर सहा जणी काम करतो, कारण पासवर्ड विसरला की रीसेट व्हायला दोन दिवस. मग चूक कुणाची ते कसं ठरणार?

परळकरीण ताई, राग मानू नका. अ मध्ये तुम्ही आठ दिवस बसलात. ब मधल्या त्या तीन वह्यांत काय लिहितात, ते विचारलंत का?

---

परळकरीण | शुक्रवार, सकाळी ८:१०

नाही विचारलं. ऑडिट होतं, फोटो काढला आणि निघाले.

ब चं यूएटी एका दुपारी झालं होतं. आयटीप्रमुखांनी सगळ्यांच्या वतीने सह्या केल्या, समोसे मागवले. मी खूश, कारण तारीख पाळली जात होती. काउंटरवरच्या माणसाला त्या खोलीत कुणी बोलावलं नव्हतं, आणि मीही 'तो कुठाय' म्हटलं नाही. हे स्लाइडवर कसं लिहायचं?

सोमवारी जाते.

---

खवचट_काका | शुक्रवार, सकाळी ९:००

सिस्टरांनी एका ओळीत सगळ्यांची विकेट काढली.

बाकी सक्तीवाल्यांसाठी: रेल्वेचं आरक्षण. १९८५-८६ मध्ये दिल्लीत कॉम्प्युटर आला, नंतर आपल्याकडे. त्याआधी बोरीबंदरला गाडीगणिक खिडकी वेगळी, गाडीगणिक रजिस्टर वेगळं. रत्नागिरीकडे जायचं म्हणून भल्या पहाटे चुकीच्या रांगेत उभं राहून परत आलेला माणूस मी आहे. (तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, मिरजेपर्यंत गाडी आणि पुढे एसटी. अवांतर होतंय, थांबतो.) कॉम्प्युटर आला आणि कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट. रांगेतल्या एकाही माणसाला ट्रेनिंग द्यावं लागलं नाही.

---

रिंगणातला | शुक्रवार, दुपारी २:३०

सिस्टर, तुमचं पटलं. आमच्याकडेही सौद्याची पावती प्रत्येक जण स्वतःकडे जपून ठेवायचा, स्क्रीन आल्यावरसुद्धा. भांडण झालं तर हातात काय, हा प्रश्न होताच. एक्स्चेंजने प्रत्येक सौद्याला वेळेचा शिक्का आणि नंबर दिला, वाद झाला की तो नंबर पुढे करायचा. त्यानंतर चिठ्ठ्या कमी झाल्या. म्हणजे निव्वळ सक्तीने झालं नाही, मी जरा जोरात बोललो.

---

परळकरीण | सोमवार, रात्री ९:५०

जाऊन आले. अर्धा दिवस काउंटरमागे स्टुलावर बसले.

पहिली वही ट्यूबची. नमुना घेतला की वॉर्डबॉय तो मशीनच्या खोलीत नेतो. वहीत ट्यूबचा नंबर, टोपणाचा रंग, वेळ आणि वॉर्डबॉयची सही. कारण सिस्टिम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जांभळ्या टोपणाची एक ट्यूब हरवली, पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागली, नातेवाइकांनी तमाशा केला. ठपका काउंटरवरच्या मुलीवर आला, कारण सिस्टिममध्ये शेवटचं नाव तिचं. तिने ट्यूब दिली होती, पण दिल्याचा पुरावा कुठे? आमच्या स्क्रीनवर 'नमुना घेतला' आहे आणि 'नमुना मिळाला' आहे. मध्ये जिन्यावरून जाणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या पैशाने वही आणली. छत्तीस रुपये, मला बिल दाखवलं! पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलंय.

सिस्टर, तुम्ही जे म्हणालात तेच. ती वही आळसाची नव्हती, ती तिची ढाल होती. आणि मी तिचा फोटो 'युजरचा विरोध' या मथळ्याखाली ऑडिटच्या फाइलला लावला होता. आज काढून टाकला.

दुसऱ्या वहीचं कारण ऐकून हसावं की रडावं कळेना. लेबल छापायचा प्रिंटर एकच घेतला होता आणि तो बिलिंगला ठेवलाय. काउंटरवरून उठून, पॅसेज ओलांडून लेबल आणायला जायचं, तेवढ्यात रांग दुप्पट. म्हणून वहीत नंबर आणि ट्यूबवर पेनाने तोच नंबर. लेबलं दुपारी. म्हणजे माझी 'दुपारी तीन ते पाच'ची सगळी रहस्यकथा एका प्रिंटरची होती. किंमत विचाराल तर त्या पेढ्यांच्या आणि समोशांच्या खर्चात निम्मा आला असता.

तिसरी वही कशाची हे कुणालाच सांगता आलं नाही. कुणा जुन्या साहेबांनी सुरू केली होती, ते निवृत्त होऊन जमाना झाला. रोज इमानदारीने भरतात.

वॉर्डबॉयसाठी हातातला स्कॅनर आणि 'नमुना नेला' अशी एक पायरी, यासाठी चेंज रिक्वेस्ट टाकलीय. कोडगा, शनिवार तुझा नाही, घाबरू नकोस. प्रिंटर उद्या येतोय.

---

लेजरवाला | सोमवार, रात्री १०:१५

तिसरी वही बंद करू नका एकदम. आमच्या शाखेत अशीच एक वही बंद केली आणि तीन महिन्यांनी कळलं की इन्कमटॅक्सवाले दर मार्चला तीच मागायचे.

---

परळकरीण | सोमवार, रात्री १०:२०

काका, नोंद घेतली. मार्चपर्यंत ठेवते.

---

पोथीनिष्ठ | मंगळवार, सकाळी ७:३०

स्लाइडचं काय झालं?

---

परळकरीण | मंगळवार, सकाळी ९:०५

दहाच्या तीन झाल्या. एकीवर अ च्या वहीचं शेवटचं पान, तारीख दिसेल असं. दुसरीवर ब च्या तिन्ही वह्या आणि प्रत्येकीखाली ती का आहे ते. तिसरी साहेब मागतील म्हणून, वरिष्ठांचा पाठिंबा वगैरे. त्यात अ च्या डॉक्टर बाईंचं वाक्य टाकलंय, कारण पाठिंबा म्हणजे काय ते मला तिथे कळलं. ब च्या ट्रस्टींनी भाषण केलं होतं. या बाईंनी सही अडवली होती.

---

कोडगा | मंगळवार, सकाळी ९:४०

एक कुतूहल. अ च्या डेटाबेसमध्ये मी बघितलं होतं, निम्मे पेशंट १ जानेवारीला जन्मलेले. ते दुरुस्त झालं का, की तसंच?

---

परळकरीण | मंगळवार, सकाळी ९:५५

अरे हो! जन्मतारीख सक्तीची केली होती ना आपण. म्हातारी माणसं म्हणतात "पावसाळ्यात झालो", बाई काय टाकणार? १ जानेवारी. आता वय विचारतात, वर्ष सिस्टिम काढते आणि शेजारी 'अंदाजे' अशी खूण पडते. तारीख माहीत असेल तरच भरायची. जुन्या नोंदी तशाच आहेत. दर १ जानेवारीला सिस्टिम तीन हजार लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एसएमएस पाठवायची, तो मात्र बंद केला.